कुणी सांगितलं?

आमच्या कोल्हापुरात रिक्षाच्या पाठीवर काहीच न लिहिणं म्हणजे लग्नाला बनियनवर जाण्यासारखं आहे. इथं रिक्षा सजवायच्या स्पर्धा होतात. झालरी लावतात, आरसे लावतात, देवाचं नाव, तालमीचं नाव, लेकीचं नाव, अगदीच काही सुचलं नाही तर "नाद करायचा न्हाय" एवढं तरी असतंच. पोरांना शाळेत सोडणाऱ्या मामांच्या रिक्षाच्या पाठीवर मात्र काही नव्हतं. नुसता काळा रंग, दरवर्षी दिवाळीच्या आधी स्वतः ब्रशनं मारलेला. आतही कुठला फोटो नाही, पुढं लिंबू-मिरची नाही. माणूस कोण, कुठला, कुठला देव मानतो, कशाचाच पत्ता लागत नव्हता. आणि पत्ता लागला नाही की आमच्या गल्लीच्या पोटात दुखायला लागतं.

माझ्या सासूबाईंच्या तर फारच दुखायचं. मनूला, म्हणजे माझ्या मुलीला, पहिलीत मामांची रिक्षा लावली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी गॅलरीतून विचारलं, "पावणं, आडनाव काय म्हणायचं तुमचं?"

"रिक्षावाले," मामा म्हणाले.

"तसं न्हवं हो. गावाकडचं."

"गावाकडं रिक्षा न्हवती."

सासूबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. "गाव कुठलं पण?"

"हातकणंगल्याच्या अलीकडं."

"मग तितं कुणाच्यात?"

"आता कुणाच्यात न्हाय," मामा म्हणाले आणि रिक्षा चालू केली. हातकणंगल्याच्या अलीकडं म्हणजे नेमकं कुठं, यावर सासूबाईंचा तो अख्खा दिवस गेला.

मामा पन्नाशीच्या पुढचे असावेत. अंगानं काटक, खाकी शर्ट कडक इस्त्रीचा आणि भर मे महिन्यातही वर बिनबाह्यांचा स्वेटर. विचारलं तर म्हणायचे, "गार लागतंय." मे महिन्यात कोल्हापुरात कुणाला गार लागतं, तुम्हीच सांगा. टेंबलाईच्या टेकडीमागं एका खोलीत एकटेच राहायचे. बायको-पोरं होती की नव्हती, कुणाला माहीत नव्हतं. मोठ्या माणसांचं भाडं कधी घ्यायचे नाहीत. दुपारी पोरं घरोघर पोचवून झाली की नाक्यावर रिक्षा लावायचे आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसायचे. कोपऱ्याला सरकून, अंग चोरून, तासभर. बाकीची सीट मोकळीच. एकदा भाजी आणायला जाता जाता मी चेष्टेनं म्हटलं, "मामा, चालवायला कोण येणार हाय व्हय?"

"न्हाय," ते म्हणाले. "हितनं कसं दिसतंय ते बघतुया."

येडं आहे बिचारं, असं मनात म्हणून मी कोथिंबिरीच्या भावावर भांडायला निघून गेले.

पोरांना ते 'पावणं' म्हणायचे. सहा वर्षांच्या शेंबड्या पोरांना अहो-जाहो! "चला पावणं, पाय आत घ्या." "पावणं, नाक पुसा." सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गल्लीत हॉर्न वाजायचा, दोनदा. दोनाचे तीन कधी झाले नाहीत. तुमचं पोरगं उशीर करत असलं तरी ते आरडाओरडा करायचे नाहीत, वर बघायचे नाहीत, नुसते थांबायचे.

त्यांच्या खिशात सोड्याच्या बाटल्यांचे नऊ बिल्ले असायचे, प्रत्येकावर ऑइलपेंटनं आकडा. नऊ पोरं, नऊ जागा. सोमवारी सकाळी टोपीत बिल्ले टाकून ती खुळखुळवायची आणि पोरानं हात घालून एक काढायचा. जो आकडा निघेल ती जागा आठवडाभर. पुढची जागा सगळ्यांना हवी असायची, पण तिथं वशिला चालायचा नाही. दुसरा नियम दप्तराचा. बाकीच्या रिक्षांत दप्तरं बाहेर हुकांना लोंबकळत असतात. मामांनी हुक काढूनच टाकले होते. शेजारच्याचं दप्तर आपल्या मांडीवर घ्यायचं आणि आपलं त्याच्या मांडीवर द्यायचं. शाळेच्या फाटकात उतरून मगच अदलाबदल.

"हे कशाला हो, मामा?" मी विचारलं होतं.

"आपलं आसलं की पोरगं आदळतंय, ताई. दुसऱ्याचं आसलं की सांभाळतंय."

ते चहा कुणाकडंच घेत नसत. एकदा पावसात भिजून आले होते, तेव्हा सासूबाईंनी माझ्या हाती चहा खाली पाठवला, कान तुटलेल्या कपातून. तो कप आमच्याकडं खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, बाहेरच्यांसाठी. मामांनी कपाकडं बघितलं आणि म्हणाले, "चहा सोडलाय." त्याच संध्याकाळी नाक्यावरच्या गाड्यावर मी त्यांना लागोपाठ दोन चहा पिताना बघितलं. घरी येऊन आम्ही किती हसलो! मनू मात्र विचारत होती, "आई, मामांना कानाचा कप का नाही दिला?" "तो घरातला असतो," मी म्हटलं आणि कणीक मळायला लागले. इतकं सहज बोलून गेले की मनूनं ऐकलं, हेही माझ्या लक्षात आलं नाही.

मामांची खरी खोड वेगळीच होती. रिक्षात एखादं पोरगं असंतसं काही बोललं की ते रिक्षा बाजूला घ्यायचे, बंद करायचे आणि मागं वळून विचारायचे, "कुणी सांगितलं?"

आवाजात राग नाही, काही नाही. वाट विचारावी तसं. ईदच्या दुसऱ्या दिवशी एका पोरानं डब्यात शीरखुर्मा आणला होता, तर दुसरा म्हणाला, "त्यांच्यातलं खायचं नसतं." रिक्षा बाजूला. "कुणी सांगितलं?" "आज्जीनं." "बरं," म्हणून मामांनी रिक्षा चालू केली. एक पोरगा म्हणाला, पुढची जागा पोरींना द्यायची नाही. "कुणी सांगितलं?" "दादानं." "बरं." बस्स. उपदेश नाही, रागावणं नाही. मनू घरी येऊन सगळं जसंच्या तसं करून दाखवायची आणि आम्हाला त्याची मोठी गंमत वाटायची.

एकदा मला म्हणाले होते, "आज्जी म्हणत्यात, बाबा म्हणत्यात, ते बरं असतंय, ताई. एखादं म्हणतंय, कुणीच न्हाय, मला ठावंच हाय. तितं काय करायचं कळत न्हाय." असं म्हणून फडक्यानं हँडल पुसायला लागले. माझ्या शिलाईच्या मशीनवर ब्लाउज अर्धा पडला होता, मी "व्हय की" म्हणून वर आले.

आणि मग झिली आली. 

झिलीचे वडील उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत साचे भरायचे. ती माणसं ओडिशाची, पण ओडिशा कुठं आहे हे आमच्यात कुणाला माहीत? कामाला बाहेरून आलेला प्रत्येक माणूस आमच्याकडं 'बिहारी'. रुळाच्या पलीकडं खोल्यांमध्ये राहायचे. नऊ पोरांतलं एक शाळा बदलून गेलं आणि ती जागा मामांनी झिलीला दिली. तिच्यासाठी रोज पाच मिनिटांचा फेरा वाढला. पोरगी मनूएवढीच, घट्ट दोन वेण्या, डोळे मोठे आणि रंगानं काळी. चांगली काळी.

पहिल्या आठवड्यात तिच्या शेजारी बसायला कुणी राजी नसायचं. सोमवारी मनूचा बिल्ला तिच्याशेजारचा निघाला, तर मनूनं रडून गोंधळ घातला. "मी नाही तिचं दप्तर धरणार. तिचा रंग लागतो."

रिक्षा बाजूला. "कुणी सांगितलं?"

माझी लेक म्हणाली, "आईनं."

आता मला माझ्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. मी काळी आहे. लोक तोंडावर 'सावळी' म्हणतात ती त्यांची सभ्यता. मनू माझ्यावर गेली. तिच्या जन्मानंतर बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, "नाकीडोळी नीटस हाय हो." एवढंच म्हणाल्या, आणि पुढचं जे म्हणाल्या नाहीत ते मला बरोबर ऐकू आलं. म्हणून दर रविवारी मी तिला न्हाणीत घेऊन बसायची. डाळीचं पीठ, हळद, साय. मान आणि कोपरं वजरीनं, टाचा घासायच्या खरबरीत वजरीनं. "आई, आग होते," ती म्हणायची. "पहिल्यांदा होते, मग सवय होते," मी म्हणायची. उन्हात गेली की ओरडायची, "काळी होशील! मग कोण विचारणार तुला?" यात मी काही वाईट करतेय असं मला कधी वाटलं नाही. मी तिला वाचवत होते. मला जे सोसावं लागलं ते तिला सोसावं लागू नये, एवढंच माझ्या मनात होतं. आणि झिलीबद्दल तर मी घरात एक अक्षर बोलले नव्हते. पण पोर ती पोर. घासून जो निघतो तो रंग लागतही असणार, असं तिचं तिनं जुळवून टाकलं.

एक मात्र झालं. मामांनी जागा बदलून दिली नाही. आठवडाभर मनूला झिलीशेजारीच बसावं लागलं, तिचं दप्तर मांडीवर घेऊन. बुधवारपर्यंत मनू तिच्याकडून ओडियातले आकडे शिकून आली. शुक्रवारी दोघींनी डबे बदलले. पुढच्या सोमवारी जागा बदलल्या तरी मामांची नजर चुकवून दोघी बिल्ले बदलून पुन्हा शेजारी बसल्या. मामांना ते कळलं होतं, पण त्यांनी कधी नव्हे ते दुसरीकडं बघितलं.

महिनाभरानं एका बुधवारी दुपारी मामा जिना चढून वर आले. दारात उभे राहिले, आत आले नाहीत.

"ताई, एक इचारायचं हुतं. पोरगी म्हणती, रंग घासला की जातुया."

"मग?"

"कुणी सांगितलं म्हंटलं, तर आईनं म्हणती."

माझं तोंड आधीच फाटकं. त्यात सासूबाई आतून ऐकत होत्या. मी म्हटलं, "मामा, तुमी रिक्षा चालवा. पोरगी माझी हाय, तिला काय घासायचं आन् काय न्हाय ते मी बघीन. शिकवायला शाळेत बाई हाईत."

"तसं न्हवं. त्या दुसऱ्या पोरीचं..."

"दुसऱ्या पोरीचं मला काय बी सांगू नगा," मी म्हटलं आणि दार लावलं. दार लावलं, असं मी आज साध्या शब्दांत सांगते. खरं तर आपटलं.

तिकडं पोरांच्या आयांच्या ग्रुपवर आठवडाभर धुसफूस चाललीच होती. वास येतो, उवा होतील, त्या वस्तीत काय काय आजार असतात, वगैरे. समोरच्या वहिनी सगळ्यांत पुढं. गुरुवारी दुपारी रिक्षा आली तेव्हा चार-पाच जणी खाली उभ्याच होत्या. मीही गेले. वहिनी म्हणाल्या, "मामा, आमी सगळ्यांनी ठरवलंय. उद्यापासनं ती पोरगी रिक्षात दिसली न्हाय पायजे. न्हायतर आमची पोरं येणार न्हाईत."

झिली आत बसलेली होती. तिला मराठी कळायला लागलं होतं.

मामा म्हणाले, "सोमवारी बिल्ला निघंल तशी जागा बदलंल. पोरगी बदलणार न्हाय."

"अवो, आठ पोरं जात्यात तुमची!"

"व्हय," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, ते मला स्पष्ट दिसलं. या माणसाला दुसरं काय होतं जगात? तरीही ते वहिनींकडं बघून पुन्हा एवढंच म्हणाले, "व्हय, वहिनी."

एकेक आई पोराला उतरवायला लागली. मला वास येत नव्हता, उवांची भीती नव्हती. मला फक्त आदल्या दिवशीचा राग होता. मला, मला शिकवायला आला हा माणूस! मी मनूचा दंड धरला, ओढून खाली घेतली आणि मागं न बघता जिना चढले. मनू रडत होती आणि दोन्ही हातांनी दप्तर छातीशी धरून होती. पाठीमागं रिक्षा चालू झाल्याचा आवाज आला. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही.

संध्याकाळी सवयीनं डबा धुवायला काढायला गेले, तर दप्तर मनूचं नव्हतं. झिलीचं होतं. नियमाप्रमाणं मांडीवर होतं ते तसंच वर आलं होतं आणि मनूचं तिकडं गेलं होतं. डबा शोधायला मी हात घातला, तर हाताला काहीतरी खरबरीत लागलं.

वजरी होती. आमचीच. महिनाभर सापडत नव्हती म्हणून मी दुसरी आणली होती. तिच्यासोबत एक पुडी. ब्लाउज बेतायला मी जो खाकी कागद वापरते त्याचा तुकडा, त्यावर माझ्याच अक्षरात बाहीचं माप. आत डाळीचं पीठ.

मनूला विचारलं. तिनं लपवलं नाही, तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"मीच दिलं. ती म्हणाली, शाळेत तिचा हात कुणी धरत नाही. मी म्हटलं, तू घास, रोज थोडं थोडं, निघतं. माझी आई पण माझं काढते."

"मग?"

"तिच्या कोपरातून रक्त आलं. पण मी सांगितलं तिला, पहिल्यांदा होतं, मग सवय होते."

मी भांड्यांच्या मोरीपाशी खाली बसले. मामा दारात जे सांगत होते ते हे होतं. माझ्या लेकीनं जिवाभावाची मैत्रीण केली होती, आणि मैत्रिणीसाठी तिच्याकडं जे सगळ्यात चांगलं होतं ते दिलं होतं. तिच्या आईकडून मिळालेलं.

दोन दिवस मी मनूला शाळेत पाठवलं नाही. ताप आलाय म्हणून कळवलं. ताप कसला, मला खाली जायचं तोंड नव्हतं. शुक्रवारी आठ वाजून दहा मिनिटांनी हॉर्न वाजला, दोनदा. मी पडद्याआडून बघितलं. मामा खाली बघत थांबले होते, मागं झिली एकटी. थोड्या वेळानं रिक्षा पुढं गेली, समोरच्या वहिनींच्या दारात थांबली. तिथंही हॉर्न, दोनदा. मग पुढच्या दारात. गल्लीच्या टोकापर्यंत मला ऐकू येत होतं. आठही दारांत तो माणूस थांबला आणि आठही दारांतून कुणी आलं नाही. शनिवारीही तसंच. आठ घरांच्या खिडक्यांना पडदे होते आणि प्रत्येक पडद्याआड कुणीतरी उभं असणार, पण गल्लीत चिटपाखरू नव्हतं. 

सोमवारी मी मनूला घेऊन हॉर्नच्या आधीच खाली जाऊन उभी राहिले, खांद्याला झिलीचं दप्तर. रिक्षा आली. झिलीच्या मांडीवर मनूचं दप्तर होतं. दोन दिवस तिनं ते शाळेत नेलं होतं आणि मांडीवर घेऊन परत आणलं होतं, पण उघडलं नव्हतं. दुसऱ्याचं होतं ना. तिच्या दोन्ही कोपरांना पिवळं मलम लावलेलं होतं.

"मामा, चुकलं माझं," मी म्हटलं.

"मला न्हवं, ताई."

मी झिलीकडं वळले. माझं हिंदी म्हणजे आनंदीआनंद. तरी जमेल तसं म्हटलं, "बेटा, वो मैल नहीं है. वो घासके निकलता नहीं. निकालना भी नहीं."

ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या चेहऱ्याकडं, मग माझ्या हाताकडं. मग फार हळू, मला वाईट वाटू नये अशा बेतानं तिनं विचारलं, "आंटी, आपका भी नहीं निकला?"

मला रडू कोसळलं. भर रस्त्यात, सकाळी सव्वाआठला, अख्खी गल्ली पडद्याआडून बघत असताना मी रिक्षाचा दांडा धरून रडले. माझं आवरल्यावर मामांनी रिक्षा बंद केली, मागं वळले आणि पोरांना विचारायचे तसंच मला विचारलं, "कुणी सांगितलं?"

मला बघायला पाहुणे येणार होते त्या दिवशीची आमची न्हाणी आठवली. सात पाहुणे पोहे खाऊन गेले होते, हा आठवा. आई माझी पाठ घासत होती आणि घासता घासता रडत होती. माझ्याइतकीच काळी होती ती. 

"आईनं," मी म्हटलं.

"बरं," मामा म्हणाले. टोपीत नऊच्या नऊ बिल्ले टाकून त्यांनी ती दोन पोरींपुढं धरली.

पुढं मी माझ्या परीनं केलं. ब्लाउज सगळ्यांना लागतात. समोरच्या वहिनी मापाला आल्या तेव्हा टाचण्या माझ्या तोंडात होत्या, त्या काढून मी म्हटलं, "वहिनी, पोराला रिक्षात पाठवा. न्हायतर ह्यो ब्लाउज दिवाळीला हुईल, पण कुठल्या दिवाळीला ते सांगत न्हाय." हसल्या, चिडल्या, पण पोरगं पाठवलं. त्यांच्यामागं आणखी एक आलं. दोन जणींनी माझ्याकडं कपडे टाकायचं बंद केलं. बाकीच्यांनी व्हॅन लावली. रिक्षात चारच पोरं राहिली, पण मामा उरलेल्या पाचही दारांत थांबायचे, दोनदा हॉर्न वाजवायचे आणि कुणी येत नाही असं बघून पुढं जायचे. त्यांना कुणी म्हटलं, "मामा, कशाला उगाच?" तर म्हणायचे, "येतंय की एखाद्या दिवशी." कुणी आलं नाही.

शाळेची परीक्षा झाली आणि झिलीच्या वडिलांनी गुजरातेतल्या कुठल्याशा फौंड्रीत काम धरलं. जायच्या दिवशी मामांनी तिला तिचा शेवटचा बिल्ला देऊन टाकला, असं मनू सांगते. मनू आता अकरावीत आहे. झिलीचा चेहरा तिला नीट आठवत नाही. पण बसमध्ये बसायला मिळालं की उभ्या असलेल्या कुणाची तरी पिशवी मागून मांडीवर घेते. उन्हात हिंडते, काळी होते आणि मी काही बोलायच्या आत डोळे वटारते.

झिली गेली त्याच वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी हॉर्न वाजला नाही. मनू साडेआठपर्यंत खाली उभी होती. चार दिवस वाट बघून मी टेंबलाईच्या मागं त्यांची खोली शोधत गेले. घरमालकीण दारात शेंगा सोलत बसली होती.

"गेलं की ते. मे महिन्यातच खोली सोडली. रिक्षा बी इकली म्हणं."

"कुठं गेले?"

"सांगून जातंय व्हय ते? धा वर्षं ऱ्हायलं हितं, पर कोण आलं न्हाय, कोण गेलं न्हाय. सणाला कवा पोळी दिली तर घ्याचं, आमच्यात या म्हंटलं तर यायचं न्हाय." मग जरा पुढं वाकून तिनं विचारलं, "तुमास्नी ठाव असंल. कुणातलं हुतं वो ते?"

"मावशी, त्याचं काय करायचं आता?" मी फणकाऱ्यानं म्हटलं आणि निघाले. किती थोर वाटलं मला माझंच! 

खोटं कशाला बोलू? टेकडीचा उतार अर्धा उतरले नाही तोवर माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. कान तुटलेला कप परत केला, म्हणजे. शीरखुर्म्याच्या वेळी नुसतं 'बरं' म्हणाले, म्हणजे. हातकणंगल्याच्या अलीकडं, आता कुणाच्यात न्हाय, म्हणजे. एकेक धागा ओढून मी त्या माणसाचं आडनाव विणत चालले होते. आणि नाक्यावर आले, जिथं त्यांची रिक्षा उभी असायची तिथं, तेव्हा माझे पाय थांबले.

"कुणी सांगितलं?" मी मोठ्यानंच म्हणाले. चहाच्या गाड्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

उत्तर मला ठाऊक होतं. 'बरं' म्हणून रिक्षा चालू करणारं तेवढं तिथं कुणी नव्हतं.